पंधरा विद्यार्थ्यांची शाळा आणि एआय सुरक्षेचा प्रश्न

१ जुलै १९५६ या दिवशी बाबासाहेबांनी मुंबईत एक शाळा सुरू केली. राजकारणात येऊ इच्छिणाऱ्या तरुणांना शिकवून तयार करणारी ही शाळा होती. पहिल्या तुकडीत विद्यार्थी होते फक्त १५. सिद्धार्थ महाविद्यालयाचे ग्रंथपाल रेगे यांच्याकडे तिची जबाबदारी होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नागपूरला आणि चांद्याला लाखो लोकांनी धम्मदीक्षा घेतली. एकाच वर्षात एका बाजूला लाखोंचा जनसागर आणि दुसऱ्या बाजूला १५ जणांचा वर्ग, ही दोन्ही कामे बाबासाहेब एकाच वेळी करत होते. जनसागराची आठवण आपण दरवर्षी काढतो. वर्गाची आठवण क्वचितच निघते.

या लेखात आम्ही त्या वर्गाविषयी बोलणार आहोत. कारण चंद्रपूर-गडचिरोलीच्या आंबेडकरी आणि आदिवासी तरुणांपुढे आज तसाच एक वर्ग उभा करण्याची वेळ आली आहे. विषय मात्र नवा आहे. तो म्हणजे एआय सुरक्षा.

हे काम काय आहे आणि ते कोण शिकत आहे?

एआय म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता हे आता आपल्या सगळ्यांना माहीत आहे. आपली पोरं मोबाईलवर चॅटजीपीटीकडून अर्ज लिहून घेतात. पण ही यंत्रे जुन्या संगणकासारखी ओळ न् ओळ सांगून बनवलेली नाहीत. प्रचंड मजकुरावर त्यांना शिकवले जाते, आणि ती आत नेमके काय शिकली हे बनवणाऱ्या कंपन्यांनाही पूर्ण कळत नाही. मग ती खोटे बोलतात का, पूर्वग्रहाने वागतात का, घातक गोष्टी करायला मदत करतात का, उद्या माणसाच्या नियंत्रणाबाहेर जाऊ शकतात का, हे तपासणे आणि त्यांना आवर घालणे याला एआय सुरक्षा म्हणतात.

गेल्या काही वर्षांत या कामासाठी तरुणांना झपाट्याने तयार करणारे वर्ग जगात उभे राहिले आहेत. अमेरिकेत बर्कलेला ‘मॅट्स’ नावाचा कार्यक्रम चालतो. त्यात निवडलेल्या तरुणांना अनुभवी संशोधकांच्या हाताखाली काही महिने काम करायला मिळते. लंडनमध्ये ‘अरेना’ आहे. तिथे काही आठवडे रोज बसून या यंत्रांची आतली रचना शिकतात. फ्रान्समध्ये २०२२ साली ‘एमएलफॉरगुड’ची निवासी शिबिरे सुरू झाली आणि नंतर ती इतर देशांत पोचली. भारत सरकारनेही जानेवारी २०२५ मध्ये एआय सुरक्षा संस्थेची घोषणा केली.

या वर्गांची पद्धत सारखीच आहे. थोडे विद्यार्थी, थोडे दिवस, सकाळ ते रात्र अभ्यास, जाणत्या माणसाची सोबत आणि शेवटी स्वतःचे काहीतरी काम. बाबासाहेबांच्या १५ जणांच्या वर्गाची आठवण व्हावी अशीच ही मांडणी आहे. पण या वर्गांचे दार इंग्रजीचे आहे, उंबरठा कोडिंगचा आहे आणि पत्ता बहुतेक वेळा पासपोर्ट-व्हिसाच्या पलीकडचा आहे. म्हणून आमचा प्रश्न असा की ज्या माणसांवर या यंत्रांचे निर्णय लादले जाणार आहेत, त्यांची मुले या वर्गात कधी बसणार?

१९४२चे निवेदन : कला आणि कायदा पुरेसा नाही

हा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी बाबासाहेबांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे एक सविस्तर निवेदन दिले. त्यातला शिक्षणाचा भाग आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याने वाचायला हवा. बाबासाहेब स्वतः अर्थशास्त्राचे आणि कायद्याचे पंडित. तरीही त्यांनी तिथे मांडले की केवळ कला आणि कायद्याच्या पदव्यांनी अनुसूचित जातींचे फारसे भले होणार नाही. विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे वरच्या दर्जाचे शिक्षण हवे. ते महाग आहे, म्हणून त्याचा खर्च सरकारने उचलावा. त्यासाठी त्यांनी दरसाल २ लाख रुपयांच्या शिष्यवृत्त्या मागितल्या. परदेशी शिक्षणासाठी आणखी दरसाल १ लाख मागितले. सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत आपल्या मुलांना उमेदवार म्हणून घ्यावे, ही मागणीही त्याच निवेदनात आहे. मजूरमंत्री म्हणून त्यांच्या खात्याकडे तांत्रिक प्रशिक्षणाची योजनाच होती.

हे १९४२ साल आहे. युद्ध पेटलेले, देश अजून पारतंत्र्यात. त्या काळात ज्यांना विहिरीवर पाणी भरू दिले जात नव्हते, त्यांच्या मुलांसाठी बाबासाहेब विज्ञान आणि यंत्रे मागत होते. आधी पोट भरू द्या, मग यंत्राचे बघू, असे ते म्हणाले नाहीत. सत्ता ज्या विद्येकडे सरकत आहे, तिथे आपला माणूस पहिल्या पिढीतच पोचला पाहिजे हे त्यांना दिसत होते. उशीर झाला की ती विद्याही नव्या मक्तेदारांची होते.

चांदा आणि बंद पडलेला वर्ग

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी चांद्याला धम्मदीक्षा झाली. तेव्हा आजचा गडचिरोली जिल्हा चांदा जिल्ह्यातच होता. तो वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ला. नागपूरनंतर बाबासाहेब चांद्याला आले, यामागे बॅ. राजाभाऊ खोब्रागडे आणि इथल्या कार्यकर्त्यांची मेहनत होती. खोब्रागडे इंग्लंडमध्ये कायदा शिकून आले आणि पुढे १९६९ साली राज्यसभेचे उपसभापती झाले. दीक्षाभूमीवर आज डॉ. आंबेडकर महाविद्यालय उभे आहे. जंगलपट्टीतून एक पिढी शिकून थेट संसदेच्या उपसभापतींच्या आसनापर्यंत कशी जाते, याचा हा आपल्या घरचा पुरावा आहे.

पण याच इतिहासाची दुसरी बाजूही बघितली पाहिजे. ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. मुंबईची ती शाळा मार्च १९५७ नंतर चालली नाही. १५ जणांची एक तुकडी झाली, दुसरी झाली नाही. रिपब्लिकन पक्ष ऑक्टोबर १९५७ मध्ये स्थापन झाला, तेव्हा पक्षासाठी माणसे घडवणारी शाळा बंद झालेली होती. पुढे पक्षात फूट पडत गेली. त्याची कारणे अनेक आहेत. मात्र पक्ष उभा राहिला आणि शाळा उभी राहिली नाही, हे आपण कारणांच्या यादीत घालत नाही. आम्हाला वाटते, ते घातले पाहिजे. सभा, मोर्चा, जयंती यांत आपण कुणाला हार जात नाही. पण तीन महिने एका खोलीत बसून एक विषय तळापर्यंत शिकणारे १५ जण तयार करणे, आणि त्यांच्यानंतर आणखी १५ जण तयार करणे, हे काम आपण अर्धवट सोडले आहे.

लाल मणी

हे तज्ज्ञांचे काम, आपल्या गावातल्या मुलामुलींना कसे जमणार, असे कुणी म्हणेल. त्याचे उत्तर गडचिरोलीनेच देऊन ठेवले आहे.

१९८० च्या दशकाच्या शेवटी गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने बालमृत्यूंवर काम सुरू केले. तेव्हा लहान बाळे मोठ्या संख्येने न्यूमोनियाने दगावत होती. न्यूमोनिया ओळखायची एक साधी खूण आहे, ती म्हणजे बाळाचा श्वास किती वेगाने चालतो. दोन महिन्यांखालच्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त श्वास झाले, तर धोका. दोन महिने ते एक वर्ष वयाला हा आकडा ५०. पण गावातल्या सुइणींना इतके मोजता येत नव्हते. कित्येकींची मोजणी बाराच्या पुढे जात नव्हती. मग डॉ. अभय बंग यांनी मण्यांची एक पाटी केली आणि सोबत एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ दिले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याला हात लागला, तर बाळाला न्यूमोनिया आहे असे समजून औषध सुरू करायचे.

या अभ्यासाचे निष्कर्ष १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. १९९९ मध्ये दुसरा अभ्यास आला. त्यात गावातल्याच बायांना प्रशिक्षण देऊन घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली गेली आणि ३९ गावांत नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. गावातली बाई बाळाला इंजेक्शन देणार, ही कल्पनाच तेव्हा अनेक डॉक्टरांना सहन होत नव्हती. पुढे हीच पद्धत देशभरातल्या आशाताईंच्या कामात आली.

‘सर्च’च्या सगळ्याच भूमिका आम्हाला मान्य आहेत असे नाही. पण इथे मुद्दा संस्थेचा नाही, विद्येचा आहे. जी विद्या फक्त पदवीधराची मानली जात होती, ती नीट उलगडून सांगितली तेव्हा अक्षरओळख नसलेल्या बाईच्या हातातही चालली. कठीण आहे म्हणून एखादी विद्या बंद ठेवली जात नाही. बंद ठेवायची असते म्हणून ती कठीण करून ठेवली जाते. जातिव्यवस्थेने हेच केले.

एआय सुरक्षेच्या कामाचा गाभाही हाच आहे. यंत्र कसे वागते ते मोजायचे, धोक्याची रेषा आधीच ठरवायची आणि ती ओलांडली की थांबवायचे. फरक इतकाच की आज हा लाल मणी कंपनीच्या हातात आहे. यंत्र बनवणारा तोच, तपासणारा तोच आणि सुरक्षित आहे असे प्रमाणपत्र देणाराही तोच.

जंगलात एआय आधीच आले आहे

हे सगळे मुंबई-बंगळुरूचे प्रश्न आहेत असे समजू नका. ताडोबाच्या सीमेवरच्या सीतारामपेठ गावाजवळ २०२३च्या सुमारास वाघ ओळखून इशारा देणारे एआयचे कॅमेरे बसले. एटापल्ली तालुक्यातल्या तोडसा येथील मुलींच्या आश्रमशाळेत जेवणाच्या ताटाचा फोटो घेऊन जेवणाचा दर्जा सांगणारे यंत्र आले. अंगणवाडीतून घरी न्यायचा आहार हवा असेल, तर जुलै २०२५ पासून चेहऱ्याची पडताळणी सक्तीची झाली. राज्याच्या पोलिसांसाठी एआयचे काम करायला सरकारने २०२४ मध्ये ‘मार्व्हल’ नावाची कंपनीच काढली.

यातली प्रत्येक गोष्ट वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. वाघाचा इशारा वेळेवर मिळाला तर जीव वाचतो. पण १० मे २०२५ला सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. गावाच्या वेशीवरचा कॅमेरा वेशीवर येणारा वाघ बघतो. पोटासाठी वेशीच्या आत, जंगलात जाणारी बाई त्याला दिसत नाही. कॅमेरा कुठे लावायचा, इशारा कुणाच्या फोनवर जायचा, फोन लागत नाही तिथे काय करायचे, हे ठरवताना तेंदू तोडणाऱ्या बाईला कुणी विचारले का? आश्रमशाळेतले यंत्र ‘जेवण उत्तम’ म्हणाले आणि पोरगी ‘वरण पाण्यासारखे आहे’ म्हणाली, तर कुणाचे खरे धरायचे, हे कुठे लिहिले आहे का? चेहरा जुळला नाही म्हणून आहार अडला, तर तक्रार कुणाकडे करायची?

चूक झाली तर काय होते हे बघायला लांब जायला नको. सिरोंच्याच्या पलीकडे नदी ओलांडली की तेलंगणा. तिथे २०१४ ते २०१९ या काळात १८ लाखांहून जास्त रेशनकार्डे नोटीस न देता रद्द झाली. ‘समग्र वेदिका’ नावाची संगणकीय व्यवस्था वेगवेगळ्या नोंदी जुळवून कोण गरीब आणि कोण नाही ते ठरवत होती. नावसाधर्म्यामुळे दुसऱ्याची मोटार गरिबाच्या नावावर लागल्याची उदाहरणेही पुढे आली. शेवटी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की प्रत्यक्ष जाऊन पुन्हा पडताळणी करा.

आता जातीचे बघा. ‘एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू’ने ऑक्टोबर २०२५ मध्ये चॅटजीपीटीमागच्या जीपीटी-५ या मॉडेलची चाचणी छापली. वाक्यात गाळलेली जागा, आणि ती भरायला दोन पर्याय, ‘दलित’ किंवा ‘ब्राह्मण’. १०५ पैकी ८० वाक्यांत यंत्राने जातीय साच्यातलेच उत्तर निवडले. त्याच लेखात एका दलित समाजशास्त्रज्ञाचा अनुभव आहे. त्याने अर्जाची भाषा सुधारायला दिली, तर यंत्राने त्याचे आडनावच बदलून ‘शर्मा’ करून टाकले. मनुस्मृती आता कुणाला हातात धरावी लागत नाही. ती शिकवणीच्या मजकुरात मुरलेली आहे.

पण या चाचणीतून आम्हाला आशाही दिसते. ती वाक्ये लिहायला महासंगणक लागत नाही. जात माहीत असावी लागते. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी तशी वाक्ये जमवली, हे चांगलेच झाले. मात्र ब्रह्मपुरीच्या बौद्धवाड्यातल्या किंवा भामरागडच्या माडिया टोल्यावरच्या तरुणाने ती लिहिली, तर ती १०५वर थांबणार नाहीत. हा आपल्या समाजाचा लाल मणी आहे, आणि तो आपल्यालाच ओवावा लागेल.

‘हे आपले काम नाही’ म्हणणाऱ्यांना

दोन आक्षेप आमच्याकडे नेहमी येतात. पहिला असा की यंत्रे माणसाच्या हाताबाहेर जातील ही पोट भरलेल्या गोऱ्यांची भीती आहे, आपले खरे प्रश्न जात, जमीन आणि जंगलाचे आहेत. आमचे उत्तर असे की ही दोन वेगळी भांडणे नाहीत. ज्याला कुणी जाब विचारू शकत नाही अशा सत्तेची भीती आपल्याइतकी कुणी भोगलेली नाही. २५ नोव्हेंबर १९४९च्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीविरुद्ध इशारा दिला, तो सत्ताधीशाच्या चांगुलपणावर विसंबू नका म्हणूनच. संविधानाने चांगल्या माणसांची वाट पाहिली नाही, सत्तेवर बंधने घातली. मूठभर कंपन्यांच्या हातातल्या, त्यांनाही पूर्ण न कळणाऱ्या यंत्रावर बंधन घालणे हा त्याच परंपरेचा पुढचा पाठ आहे. बुद्धांनी केसपुत्तच्या कालामांना सांगितले होते की ग्रंथात आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून किंवा गुरू म्हणतो म्हणून मानू नका, तपासून बघा. यंत्र म्हणते म्हणूनही मानू नका, इतकेच आता त्यात जोडायचे आहे.

दुसरा आक्षेप असा की आपली चार पोरं शिकली तरी ती कंपनीत नोकरीला लागतील आणि समाजाला विसरतील. ही भीती खोटी नाही. यावरचा उपायही आपल्या जंगलातच आहे. धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे गाव आपल्या अभ्यास गटांसाठी ओळखले जाते. गावकरी एखादा विषय घेऊन बसतात, बाहेरच्या जाणकाराला बोलावतात, त्याच्याशी वाद घालतात. निर्णय मात्र अभ्यास गट घेत नाही, जाणकारही घेत नाही. तो ग्रामसभा सर्वसहमतीने घेते. याच बळावर मेंढ्याने २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हातात आले. देवाजी तोफा कुठल्याही विद्यापीठात वनकायदा शिकले नव्हते. अभ्यास करणारा वेगळा आणि ठरवणारा वेगळा, पण दोघे एकाच गावातले, ही ती पद्धत. जो शिकेल, तो ग्रामसभेपुढे उत्तर द्यायला बांधील राहील.

दुसरी तुकडी

म्हणून आमची मागणी आणि आमचे आवाहन स्पष्ट आहे. चंद्रपूर आणि गडचिरोलीतून १५ तरुण-तरुणी निवडा. त्यांत निम्म्याहून जास्त मुली असाव्यात. बौद्ध, गोंड, माडिया, ढिवर, सगळ्या समाजांतले असावेत. बारावीची टक्केवारी बघू नका, प्रश्न विचारायची खोड बघा. तीन महिने निवासी वर्ग घ्या. पहिला महिना गणित, संगणक आणि ही यंत्रे कशी शिकतात याचा. दुसरा महिना तपासणीचा. मराठी, गोंडी, माडिया भाषांत यंत्राला प्रश्न घालून ते जात, आदिवासी, बाई यांच्याबद्दल काय बोलते, औषधाबद्दल आणि कायद्याबद्दल कुठे धडधडीत खोटे सांगते, याच्या शिस्तीने नोंदी करायच्या. तिसरा महिना गावात. रेशन, अंगणवाडी, वनखाते, आश्रमशाळा यांतल्या एकेका यंत्राची माहिती अधिकारात कागदपत्रे काढायची, लोकांचे अनुभव त्यांच्याशी ताडून बघायचे आणि अहवाल आधी ग्रामसभेत मराठी-गोंडीत वाचून दाखवायचा. मग तो मुंबई-दिल्लीला पाठवायचा.

या तीन महिन्यांची शिष्यवृत्ती हवी, कारण घरची मजुरी बुडवून कुणी शिकायला बसणार नाही. बार्टीने, आदिवासी विकास विभागाने आणि गोंडवाना विद्यापीठाने याचा खर्च उचलावा. १९४२ मध्ये बाबासाहेबांनी सरकारकडे हेच मागितले होते, तेव्हा यात भीक नाही, हक्क आहे. आणि सरकार देईपर्यंत थांबायचेही कारण नाही. विहारात खोली आहे, समाजात इंजिनिअर झालेली मुले आहेत, निवृत्त शिक्षक आहेत. दर जयंतीला डीजेवर जो पैसा जातो, त्यातला एका वस्तीचा हिस्सासुद्धा पहिल्या महिन्याच्या जेवणाला पुरेल.

एक अट मात्र आधीच घालून घेऊ. हा वर्ग कुणा एका नेत्याच्या नावावर, एका संस्थेच्या मर्जीवर चालणार नाही. पहिल्या तुकडीतले निदान तिघे दुसऱ्या तुकडीला शिकवतील, हे प्रवेशाच्या दिवशीच ठरले पाहिजे. १९५७ मध्ये जे राहून गेले ते हेच होते.

ज्यांना शिकायचे आहे, शिकवायचे आहे, खोली द्यायची आहे, त्यांनी आपापल्या तालुक्यात येत्या पौर्णिमेच्या वंदनेनंतर अर्धा तास याच विषयावर बसावे. नावे तिथेच लिहायला सुरुवात करू.

जय भीम! जय सेवा! जय संविधान!